सर्कशीच्या रिंगणातील स्त्रिया

पोंभुर्णा हे चंद्रपूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. आसपासच्या मुलुखात साग, बांबू आणि मोह यांचे रान पसरलेले आहे. या मुलुखातील मुलांना वाघाची ओळख केवळ चित्रातून होत नाही. पावसाळ्यात ओल्या मातीवर उमटलेला त्याचा पंजा येथील माणसे चटकन ओळखतात. मोहफुले वेचायला किंवा सरपण आणायला जाताना एकटेदुकटे जाऊ नये, बोलत-हाका मारत जावे, आणि वाघ समोर आलाच तर पाठ फिरवून पळू नये, हे मोठी माणसे लहानांना सांगत असतात. वाघाची भीती ही येथे भित्रेपणाची खूण मानीत नाहीत. तो शहाणपणाचाच एक भाग होय.

अशा रानात वाढलेल्या मुलाला जर कोणी सांगितले की, सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याच देशात एक तरुणी हातात काठी किंवा चाबूक न घेता दोन पट्टेरी वाघांच्या पिंजऱ्यात शिरत असे, त्यांना बसवी, उठवी, त्यांच्याशी झोंबी खेळे आणि शांतपणे बाहेर येई, तर त्याला ते खरे वाटेल काय? तरी ते खरे आहे. त्या तरुणीचे नाव सुशीलासुंदरी. तिचा जन्म १८७९ साली झाला. कलकत्त्याच्या प्रियनाथ बोस यांनी १८८७ मध्ये काढलेल्या ‘ग्रेट बेंगॉल सर्कस’मध्ये ती काम करीत असे. वाघांच्या खेळाबरोबरच ती झुल्यावरील कसरतीही करी. वाघांबरोबर खेळ करणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून तिचे नाव घेतले जाते.

प्रेक्षक तिच्याकडे श्वास रोखून पाहत. खेळ संपला की घरी जाताना कोणी म्हणे, हिला मंत्र येत असेल. कोणी म्हणे, वाघांना अफू चारली असेल. कोणी म्हणे, काही माणसे जन्मतःच निर्भय असतात. मुलांनो, धाडसाचे काम पाहिले की अशी कारणे शोधण्याची लोकांना सवयच असते. परंतु सर्कशीच्या रिंगणात उतरलेल्या स्त्रियांचे धैर्य मंत्राचे नव्हते, औषधाचे नव्हते आणि जन्मजातही नव्हते. ते दररोज पहाटे उठून, पडून, पुन्हा चढून मिळविलेले होते. ते कसे, हे या पाठात आपण पाहू.

सर्कशीचा आजचा प्रकार इंग्लंडात जन्मला. फिलिप ॲस्टली नावाचा एक घोडेस्वार शिपाई लष्करातून परत आला आणि १७६८ साली त्याने लंडनमध्ये घोड्यावरील कसरतींचे खेळ सुरू केले. घोडा सरळ दौडविण्याऐवजी त्याने तो वर्तुळात दौडविला. वर्तुळात धावणारा घोडा आतल्या बाजूस किंचित कलतो, आणि वेग एकसारखा राखला तर त्याच्या पाठीवर उभ्या राहिलेल्या स्वारालाही आत कलून तोल सांभाळता येतो. यासाठी रिंगणाची रुंदी किती असावी, हे अनुभवाने ठरत गेले. सुमारे ४२ फूट, म्हणजे जवळजवळ १३ मीटर व्यासाचे रिंगण सर्वांत सोयीचे ठरले, आणि पुढे जगभर तेच माप रूढ झाले. या पहिल्या रिंगणात ॲस्टली एकटा नव्हता. त्याची पत्नी पॅटी हीदेखील कुशल घोडेस्वार होती. घोड्यावर बसलेली असताना मधमाश्यांचे पोळेच्या पोळे ती आपल्या हातांवर बसू देई, आणि त्या जिवंत हातमोज्यांसह रिंगणाला फेरी घाली. म्हणजे सर्कस जन्मली, तेव्हापासूनच स्त्री तिच्या रिंगणात उभी आहे.

आपल्या देशात सर्कस आली ती परदेशी मंडळींबरोबर. १८७९ साली इटलीच्या ज्युसेप्पे किआरिनी याची सर्कस मुंबईत आली. तिचा खेळ पाहणाऱ्यांत विष्णुपंत छत्रे हे होते. विष्णुपंत घोडे शिकविण्याच्या विद्येत निष्णात होते. असे सांगतात की, हिंदी लोकांना अशी सर्कस उभारता येण्यास अजून पुष्कळ काळ लागेल, असे उद्गार किआरिनीने काढले, आणि विष्णुपंतांनी ते आव्हान मानले. संवाद नेमका कसा झाला ते असो. पण दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १८८० मध्ये, विष्णुपंतांची ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी राहिली. घोडे होते, माणसे होती, आणि कसरतीची परंपराही आपल्याकडे होतीच. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाची विद्या पुन्हा नावारूपास आणली होती, आणि गावोगावच्या तालमींत लवचीक, चपळ शरीराची मुले तयार होत होती. विष्णुपंतांनी ही सामग्री एकत्र आणली. त्यांची सर्कस हिंदुस्थानभर फिरलीच, शिवाय सिंहलद्वीप आणि आग्नेय आशियापर्यंत गेली.

या सर्कशीची एक गोष्ट मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. तिच्या प्रमुख कलावंतांत स्वतः विष्णुपंतांच्या पत्नी होत्या. झुल्यावरील कसरती करणाऱ्या आणि जनावरांना शिकविणाऱ्या कलावंत म्हणून सर्कशीच्या इतिहासात त्यांची नोंद आहे. ही गोष्ट किती मोठी होती, ते कळण्यासाठी त्या काळाकडे पाहिले पाहिजे. त्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ नाटकाचा प्रयोग झाला आणि मराठी संगीत रंगभूमीचे वैभव सुरू झाले. पण त्या रंगभूमीवर स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. कुलीन घरातील स्त्रीने चार लोकांसमोर उभे राहणे हेच मुळी अशोभनीय मानले जाई. आनंदीबाई जोशी वैद्यकी शिकण्यासाठी १८८३ मध्ये अमेरिकेस निघाल्या, तेव्हा त्यांना किती टीका सोसावी लागली, हे तुम्ही वाचले असेल. अशा काळात एक मराठी गृहिणी तंबूच्या शेंड्याजवळ टांगलेल्या झुल्यावर चढली. खाली शेकडो लोक बसले होते आणि आधाराला हातातील दांडीवाचून दुसरे काही नव्हते.

लोक अशा स्त्रियांचे कौतुक करीत, आणि त्याच तोंडाने त्यांना नावेही ठेवीत. तिकीट काढून टाळ्या वाजविणारा माणूस सर्कशीतील मुलगी सून म्हणून घरात आणायला तयार नसे. अंगाला घट्ट बसणारा पोशाख त्यांना आवडीखातर घालावा लागत नव्हता. सैल वस्त्राची एक चूण दोरीत अडकली तर जीव जाण्याची भीती असते. परंतु पाहणारे हे कारण ध्यानात घेत नसत. झुल्यावरून पडण्याचे भय आणि लोकनिंदेचे भय, अशी दोन भये या स्त्रियांना एकाच वेळी जिंकावी लागत. पहिल्यासाठी खाली जाळी तरी बांधता येते. दुसऱ्यासाठी तशी सोय नसते.

छत्र्यांचे पाहून महाराष्ट्रात आणखी सर्कशी निघाल्या. कार्लेकरांची सर्कस, म्हैसाळच्या देवलांची सर्कस, तासगावच्या परशुराम माळी यांची सर्कस ही नावे त्या काळी घरोघर परिचित होती. सांगलीचा मुलूख म्हणजे जणू सर्कशींचे माहेरघर बनला. विष्णुपंतांनी लावलेले हे रोप दक्षिणेतही रुजले. मलबारातील तलश्शेरी गावी त्यांची गाठ कीलेरी कुञ्ञिक्कण्णन या व्यायामशिक्षकाशी पडली. सर्कशीसाठी कसरतपटू तयार करण्याचे काम या गुरूने अंगावर घेतले, आणि १९०१ मध्ये तलश्शेरीजवळ चिरक्कर येथे सर्कशीची शाळाच काढली. पुढे अनेक पिढ्या भारतीय सर्कशींना कलावंतांचा पुरवठा याच भागातून होत राहिला. त्यांत मुलींची संख्या मोठी होती. बहुतेक जणी गरीब घरांतील होत्या. झुल्यावर चढून त्यांनी आईबापांची घरे चालविली, धाकट्या भावंडांची शिक्षणे केली. स्वतःच्या कमाईने घर सावरणाऱ्या स्त्रिया त्या काळी थोड्याच होत्या. त्यांत सर्कशीतील या मुलींना अवश्य स्थान दिले पाहिजे.

आता त्यांची विद्या कशी होती ते पाहू. सर्कशीतील झुला म्हणजे दोन दोरांनी टांगलेली एक आडवी दांडी. एक कलावंत या झुल्यावरून झेप घेते. समोरच्या झुल्यावर दुसरा कलावंत गुडघ्यांत दांडी अडकवून उलटा लोंबकळत असतो. त्याला ‘कॅचर’ म्हणतात. हवेत झेपावलेल्या कलावंताला त्याने नेमक्या क्षणी झेलायचे असते. झेलताना बोटे बोटांत अडकवून चालत नाही. एकाने दुसऱ्याचे मनगट पकडायचे असते, म्हणजे एक पकड सुटली तरी दुसरी टिकते. हातांना घाम येऊन पकड निसटू नये म्हणून पांढरी भुकटी चोळलेली असते.

झेप घेण्याचा क्षण ओळखायचा कसा? याचे उत्तर तुम्हांला विज्ञानाच्या तासाला मिळेल. टांगलेला लंबक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन परत यायला जो वेळ घेतो, तो मुख्यतः दोरीच्या लांबीवर अवलंबून असतो. लंबक जड आहे की हलका यावर नव्हे. म्हणून सारख्या लांबीच्या दोन झुल्यांवर किरकोळ अंगाची मुलगी आणि धिप्पाड गडी बसले, तरी दोघांचे झोके जवळजवळ एकाच तालात पडतात. कलावंत हा ताल मनात मोजत असते. एका क्षणाचा उशीर झाला, तर कॅचरचे हात मागे निघून गेलेले असतात. अशा वेळी घाबरून हातपाय झाडणे घातक असते. हनुवटी छातीला टेकवावी, अंग वळवावे आणि पाठीवर जाळीत पडावे, हे तिला आधीच शिकविलेले असते. होय, सर्कशीतील मुलगी उडण्यापूर्वी पडायला शिकते. प्रथम जमिनीवर कोलांट्या, मग कमी उंचीवर झोके, मग कमरेला पट्टा बांधून आणि त्याची दोरी उस्तादाच्या हाती देऊन उंचावर सराव, आणि त्यानंतर कित्येक महिन्यांनी प्रेक्षकांसमोर पहिली झेप, असा हा क्रम असतो. प्रेक्षकांना दोन मिनिटांचा खेळ दिसतो. त्यामागची दोन वर्षे दिसत नाहीत.

झुल्यावरून झेप घेऊन हवेत सलग तीन कोलांट्या मारणे आणि मग झेलले जाणे, ही कसरत फार अवघड मानतात. तिच्या नादात अनेक कसरतपटूंनी प्राण गमावले. ही कसरत प्रथम करण्याचा मान पुष्कळ वर्षे एका पुरुष कलावंताला दिला जात असे. परंतु लॅटव्हिया देशात जन्मलेल्या लीना जॉर्डन या मुलीने ती त्याच्याही आधी, १८९७ च्या एप्रिल महिन्यात, ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरी करून दाखविली होती. कर्तृत्व एकाचे आणि कीर्ती दुसऱ्याची, असे इतिहासात कधी कधी घडते. म्हणूनच जुनी कागदपत्रे पुन्हा पुन्हा तपासून पाहावी लागतात.

दोरीवरून चालण्याची कला तर आपल्या खेड्यापाड्यांना सर्कशीच्याही आधीपासून परिचित आहे. बांबूच्या कैच्या रोवून, त्यांवर दोर ताणून, ढोलाच्या तालावर चालणारी डोंबाऱ्याची मुलगी अनेकांच्या आजोबा-आजींनी पाहिली आहे. ती हातात लांब बांबू का धरते? माणूस एका बाजूस कलू लागला, की लांब आणि जड बांबूमुळे ते कलणे मंदावते आणि सावरायला थोडा अवधी मिळतो. त्या अल्प अवधीतच तिचे सारे कौशल्य असते. पोटासाठी रस्त्यावर खेळ करणाऱ्या या मुलींना कोणी कलावंत म्हटले नाही. त्यांची नावे कोणत्याही जाहिरातीत छापली गेली नाहीत. तरी मोठ्या तंबूतील तारेवर चालणाऱ्या स्त्रीची विद्या आणि त्यांची विद्या एकच होय.

काही स्त्रियांनी शरीरबळाचे खेळ केले. व्हिएन्नात १८८४ साली जन्मलेली केटी सँडविना ही आपल्या नवऱ्याला एका हाताने डोक्यावर उचलून धरीत असे. आपल्याकडे विसाव्या शतकाच्या आरंभी ताराबाई यांनी अशाच बळाच्या प्रयोगांनी नाव मिळविले, आणि त्यांच्या स्वतःच्या नावाची सर्कस चालली. स्त्री ही अबला होय, असे म्हणणाऱ्यांना या स्त्रियांनी शब्दांनी उत्तर दिले नाही. वजन उचलून दाखविले. सँडविना ज्या अमेरिकी सर्कशीत होती, तेथील स्त्रियांनी तर १९१२ साली मताधिकाराची मागणी करण्यासाठी आपला एक संघच स्थापन केला. रिंगणात घोडे आवरणाऱ्या, झुल्यावर स्वतःचा जीव तोलणाऱ्या स्त्रियांना मतदानपेटीपाशी मात्र दुबळ्या ठरवावे, हा न्याय त्यांना मान्य नव्हता. पुढे १९२० मध्ये अमेरिकेतील स्त्रियांना देशभर मताधिकार मिळाला. हा विजय असंख्य स्त्रियांच्या चळवळीचा होता. त्यांत सर्कशीतील स्त्रियांचाही आवाज होता.

या विद्येची किंमत कधी कधी फार भारी पडे. लिलियन लाइत्सेल ही त्या काळची सर्वांत विख्यात झुलापटू. उंचीने ती लहान मुलीएवढी होती. उंच टांगलेल्या दोराची कडी एका हाताने धरून ती आपले सारे शरीर खांद्याभोवती गरगर फिरवी. अशा शंभराहून अधिक फेऱ्या ती एका दमात करी आणि प्रेक्षक त्या मोठ्याने मोजत. १३ फेब्रुवारी १९३१ रोजी कोपनहेगन शहरी तिचा खेळ चालू असताना तिच्या दोराची धातूची फिरकी तुटली आणि ती खाली कोसळली. दोन दिवसांनी तिचा अंत झाला. तिची पकड सुटली नव्हती, तिचा तालही चुकला नव्हता. घासून झिजलेल्या एका छोट्या धातूच्या तुकड्याने दगा दिला. तेव्हापासून सर्कशीतील उस्ताद आपल्या शिष्यांना सांगत आले आहेत की, खेळापूर्वी प्रत्येक दोर, प्रत्येक कडी स्वतःच्या हाताने तपासावी. धैर्य म्हणजे डोळे मिटून उडी घेणे नव्हे. उडी घेण्यापूर्वी डोळे उघडे ठेवून गाठ तपासणे, हेही धैर्याचेच अंग आहे.

आपल्या सुशीलासुंदरीवरही असा प्रसंग आला. एका खेळात वाघाने तिच्यावर झडप घातली. ती वाचली, परंतु जखमा इतक्या गंभीर होत्या की ती पुन्हा रिंगणात उतरू शकली नाही. १९२४ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, तिचे निधन झाले. वाघ किती वर्षे पिंजऱ्यात राहिला, तरी तो वाघच असतो. रानात राहणाऱ्या माणसांना हे सांगावे लागत नाही.

या घटनेतून आणखी एक विचार मनात येतो. त्या वाघाचे काय? मैलोगणती रान तुडविणाऱ्या प्राण्याला काही हातांच्या पिंजऱ्यात कोंडून गावोगाव हिंडविणे योग्य होते काय? जुन्या काळी हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. पुढे मात्र लोकांचे विचार बदलले. १९९८ मध्ये भारत सरकारने अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या आणि सिंह यांना खेळांत वापरण्यास बंदी केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ती बंदी योग्य ठरविली. आता वाघ पाहायचा तर पोंभुर्ण्याच्या बाजूस असलेल्या ताडोबासारख्या अरण्यातच, त्याच्या स्वतःच्या घरी पाहावा. सर्कशीतील लहान मुलांच्या बाबतीतही असाच बदल झाला. पूर्वी अगदी कोवळ्या वयाच्या मुली सर्कशीत आणीत. काहींना मायेने शिकविले जाई. काहींचे बालपण मारात आणि एकटेपणात जाई. शाळा तर जवळजवळ कोणालाच लाभत नसे. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामास ठेवण्यास मनाई करण्याचे आदेश दिले. जुन्या कलावंत स्त्रियांचा गौरव करताना त्यांच्या वाट्यास आलेले हे दुःख आपण झाकून ठेवू नये. त्यांचे कौतुक करणे आणि त्यांच्यावर झालेला अन्याय ओळखणे, या दोन्ही गोष्टी एकाच मनात राहू शकतात.

सर्कशीतील कलावंताचे आयुष्य लवकर उतरणीला लागते. चाळिशीच्या आतच सांधे दुखू लागतात, झेप आखूड पडते. मग काही स्त्रिया तंबूतच राहून नव्या मुलींना शिकवीत, पोशाख शिवीत, स्वयंपाकघर सांभाळीत. काही गावी परत जात, आणि शेजाऱ्यांनाही त्यांचा पूर्वीचा पराक्रम ठाऊक नसे. केरळ सरकारने अशा वृद्ध कलावंतांसाठी निवृत्तिवेतनाची योजना केली, ही समाधानाची गोष्ट होय. ज्यांनी लोकांना आनंद दिला, त्यांच्या म्हातारपणाची काळजी लोकांनी वाहणे हे उपकार नव्हेत. ती ऋणाची फेड आहे.

मुलांनो, चैत्रात चंद्रपूरला महाकालीची यात्रा भरते, महाशिवरात्रीला वैनगंगेच्या काठी मार्कंड्याची जत्रा भरते. अशा जत्रांत, किंवा एखाद्या शहराच्या मैदानावर, कसरतीचा खेळ पाहण्याची संधी तुम्हांला मिळेल. तेव्हा तारेवर चालणाऱ्या स्त्रीचा झगमगीत पोशाख पाहून थांबू नका. तिच्या तळपायांकडे पाहा. ते तारेचा अंदाज कसा घेतात ते पाहा. झुल्यावर चढण्यापूर्वी ती दोराला हिसका देऊन पाहते, तेही पाहा. खेळ संपल्यावर टाळ्या तर वाजवाच. पण घरी जाताना कोणी म्हणाले की, ‘हिला भीती ठाऊकच नाही’, तर त्याला नम्रपणे सांगा की, तिला भीती ठाऊक आहे, आणि तिने रोजच्या सरावाने तिच्याबरोबर राहण्याची विद्या मिळविली आहे.

शब्दार्थ

झोंबी – अंगाला अंग भिडवून केलेली झुंज
निष्णात – अत्यंत कुशल
सामग्री – कामासाठी लागणारे साहित्य
अशोभनीय – न शोभणारे
उस्ताद – विद्या शिकविणारा गुरू
लंबक – दोरीला टांगलेली, मागेपुढे झोके घेणारी वस्तू
मताधिकार – मत देण्याचा हक्क
निवृत्तिवेतन – काम थांबविल्यानंतर मिळणारे नियमित वेतन

स्वाध्याय

१. वर्तुळात दौडणाऱ्या घोड्याच्या पाठीवर उभ्या असलेल्या स्वाराला तोल कसा सांभाळता येतो?
२. १८८० साली पुण्यात झालेल्या नाटकाचा उल्लेख लेखकाने कशासाठी केला आहे?
३. ‘सर्कशीतील मुलगी उडण्यापूर्वी पडायला शिकते’, हे वाक्य तुमच्या शब्दांत स्पष्ट करा. अभ्यासाच्या बाबतीत ते कसे लागू पडते, तेही लिहा.
४. सर्कशीतील स्त्रियांना कोणती दोन भये जिंकावी लागत? त्यांपैकी कोणते अधिक कठीण, असे तुम्हांस वाटते? कारण द्या.
५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा: श्वास रोखून पाहणे, आव्हान मानणे, नावे ठेवणे, दगा देणे.
६. समान लांबीच्या दोन दोऱ्या घ्या. एकीला लहान दगड व दुसरीला मोठा दगड बांधून झोके द्या. काय आढळते, ते वहीत लिहा.
७. तुमच्या घरातील वडीलधाऱ्या माणसांनी पाहिलेल्या सर्कशीची किंवा डोंबाऱ्याच्या खेळाची हकीकत विचारून घ्या व दहा-बारा ओळींत लिहा.